इंटरनेट बंद असतानाही घरातला दिवा लागला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अलीकडे स्मार्ट घरांवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. कोणकोणती उपकरणे मिळतात, ती मोबाइलवरून कशी चालवता येतात आणि नुसत्या आवाजाने दिवे कसे लावता येतात, याची माहिती त्यात चांगली दिली आहे. मात्र एक प्रश्न त्या लेखात कुठेच आला नाही, आणि माझ्या मते असे कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी विचारण्याचा तो पहिला प्रश्न आहे : आपण दिलेली आज्ञा नेमकी कुठे जाते, आणि ती जिथे जाते ते ठिकाण उद्या बंद पडले तर आपल्या घराचे काय होते? गेली सहा वर्षे मी माझ्या घरातली अशी यंत्रणा स्वतः जुळवत, मोडत आणि पुन्हा बांधत आले आहे. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहू इच्छिते.

तयार मिळणारा स्मार्ट बल्ब किंवा प्लग ॲपमधून चालू केला, की बहुतेक वेळा आज्ञा मोबाइलकडून थेट त्या बल्बकडे जात नाही. ती राउटरमधून घराबाहेर पडते, उत्पादक कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचते, तिथे आपले खाते तपासले जाते आणि मग तोच निरोप उलट्या वाटेने आपल्यासमोरच्या बल्बपर्यंत येतो. हा सगळा प्रवास सहसा सेकंदभरात होत असल्यामुळे तो जाणवत नाही. तो जाणवतो इंटरनेट बंद पडल्यावर, किंवा कंपनीने सेवाच गुंडाळल्यावर. मी अगदी सुरुवातीला घेतलेल्या चार प्लगांच्या बाबतीत हेच झाले. एके दिवशी ॲपवर सूचना आली, की ही सेवा लवकरच थांबवण्यात येत आहे. ठरलेल्या तारखेनंतर ते प्लग बाहेरून पूर्वीसारखेच होते, त्यांच्यावरचे बटण दाबले की आतला रिले (विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) टक्‌ असा आवाज करून चालू-बंदही होत होता. पण मी त्यांना ठरवून दिलेली सर्व कामे थांबली होती, कारण त्या कामांचे वेळापत्रक माझ्या घरात नव्हतेच.

हा अनुभव माझ्या एकटीचा असता तर त्यासाठी पत्र लिहिले नसते. रिव्हॉल्व्ह नावाच्या हबचे उदाहरण सर्वज्ञात आहे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालवणारा हा हब बनवणारी कंपनी नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्याची सेवा बंद केली. त्यानंतर ते हब कोणत्याही कामाचे राहिले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये इनस्टिऑन या जुन्या आणि लोकप्रिय यंत्रणेचे सर्व्हर ग्राहकांना आगाऊ सूचना न देता बंद झाले. त्या वेळी ज्यांनी आपला इनस्टिऑन हब घरातल्याच एखाद्या संगणकाशी जोडून ठेवला होता, त्यांचे दिवे चालू राहिले. पुढे जून महिन्यात तिच्या काही वापरकर्त्यांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली, हे त्या लोकांचे मोठेपण. पण आपल्या घरातले दिवे लावण्यासाठी कंपनी विकत घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

याउलट, घरगुती ऑटोमेशनची पहिली रूढ पद्धत मानली जाते ती एक्स-१० पाहा. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ती १९७५ मध्ये तयार केली. तिचे संदेश घरातल्या विजेच्या तारांमधूनच जात असत. सोळा अक्षरे आणि सोळा क्रमांक यांच्या जोड्यांतून २५६ पत्ते मिळत. ती संथ होती, संदेश वाटेत हरवत, आणि शेजारच्या घरातले संदेशही तारांमधून आपल्याकडे येऊ शकत, म्हणून वेगळा फिल्टर बसवावा लागे. परंतु कोणी दुकान बंद केले म्हणून तिचे बटण निकामी होत नव्हते. इतक्या वर्षांत उपकरणे कितीतरी सुधारली आणि नेमका हा गुण मात्र अनेक उपकरणांतून नाहीसा झाला, याचे मला वाईट वाटते.

माझ्या घरातली आजची व्यवस्था एका लहान संगणकावर चालते. त्यावर होम असिस्टंट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. पॉलस स्खाउत्सेन यांनी पायथन भाषेत ते २०१३ मध्ये लिहायला घेतले, आणि २०२४ पासून त्याची जबाबदारी स्वित्झर्लंडमधल्या ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. याशिवाय ओपनहॅबसारखे इतर पर्यायही आहेत. मी एकाचाच आग्रह धरत नाही. महत्त्वाचे हे, की दिवा कधी लावायचा याचा निर्णय घरातल्या संगणकावर होतो आणि निरोप घरातल्याच तारांतून किंवा रेडिओ लहरींतून जातो. उपकरणांनी एकमेकांशी बोलण्यासाठी मी एमक्यूटीटी ही पद्धत वापरते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ती तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी तयार केली. उपग्रहामार्फत निरोप पाठवणे महाग होते आणि संपर्क वारंवार तुटत असे, त्यामुळे त्यांनी निरोप आटोपशीर ठेवला आणि संपर्क तुटेल हे गृहीत धरूनच सारी रचना केली. या पद्धतीत प्रत्येक उपकरण जोडले जाताना मध्यस्थ सर्व्हरकडे स्वतःचे जणू मृत्युपत्र ठेवते : माझा संपर्क अचानक तुटला तर माझ्या वतीने अमुक निरोप सर्वांना द्या. त्यामुळे दारावरचा सेन्सर बंद पडला, की दार बंद आहे असे चुकीचे चित्र दिसत राहण्याऐवजी सेन्सरच उपलब्ध नाही हे लगेच कळते. दूरवरच्या तेलवाहिनीसाठी जितकी ही काळजी आवश्यक होती, तितकीच ती घरालाही आहे, असे मला वाटते.

मी स्वतः बांधलेले पहिले उपकरण म्हणजे आईच्या पलंगाजवळचा दिवा. आई रात्री उठली तर तिला अंधारात बटण शोधावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्यासाठी ईएसपी८२६६ ही वायफाय असलेली लहान चिप घेतली. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ मध्ये आली आणि तिच्यामुळेच घरी उपकरणे बनवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तिच्यावर ईएसपीहोम किंवा टासमोटा यांसारखे मुक्त फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) चढवले, की कोणत्याही कंपनीच्या खात्याशिवाय ती चालते. तिला एक हालचाल ओळखणारा सेन्सर आणि एक रिले जोडला. दिवा लागू लागला आणि मला फार आनंद झाला. पण वीज जाऊन परत आली, की तो रात्री आपोआप दोन-तीनदा लुकलुके आणि आई दचकून जागी होई. प्रोग्राममध्ये कितीही शोधले तरी चूक सापडेना, कारण ती प्रोग्राममध्ये नव्हती. या चिपच्या शून्य, दोन आणि पंधरा क्रमांकाच्या पिनांचे, म्हणजे तारा जोडण्याच्या टोकांचे, काम वेगळे आहे. सुरू होताना आपण कोणत्या पद्धतीने सुरू व्हायचे हे चिप त्या पिनांवरून ठरवते, आणि त्या क्षणी शून्य क्रमांकाच्या पिनेवरचा व्होल्टेज खालीवर होतो. मी रिले नेमका तिथेच जोडला होता. ती एक तार पाचव्या क्रमांकाच्या पिनेवर हलवल्यावर लुकलुकणे थांबले.

पुढची अडचण याहून सूक्ष्म होती. हालचाल ओळखणारा साधा सेन्सर उष्ण वस्तूंकडून येणाऱ्या अवरक्त किरणांमधला बदल टिपतो. माणूस चालला तर बदल होतो. माणूस खुर्चीत स्थिर बसून वाचत असेल तर तो सेन्सरच्या लेखी खोलीत नसतोच. आई रात्री कधी कधी उठून वाचत बसते, आणि तिचे वाचन सुरू असताना दिवा मालवला जाई. दिवा लागून राहण्याची मुदत वाढवून पाहिली, तर ती परत झोपल्यावरही तो बराच वेळ जळत राही. अखेर २४ गिगाहर्ट्झवर चालणारा छोटा रडार सेन्सर लावला. श्वास घेताना होणारी छातीची हालचालही त्याला कळते. मात्र त्याला पंखाही कळतो आणि वाऱ्याने हलणारा पडदाही. या सेन्सरमध्ये अंतराचे पाऊण मीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता स्वतंत्रपणे ठरवता येते. खिडकीच्या टप्प्याची संवेदनशीलता कमी करणे, एक रात्र पाहणे, पुन्हा थोडी बदलणे, असे करत तीन आठवडे गेले. हा वेळ वाया गेला असे मी मानत नाही. आईच्या सवयी, तिची उठण्याची वेळ आणि तिला किती उजेड लागतो, हे मला त्या आठवड्यांत जितके कळले तितके आधी कधी कळले नव्हते. कारखान्यातून ठरावीक मांडणी घेऊन आलेल्या उपकरणात असे बदल करायला वावच नसता.

याच काळात आईने विचारलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ती म्हणाली, “अगं, मी रात्री किती वेळा उठते, हे आता कुठे लिहिलं जातं का?” ते लिहिले जात होते. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरच्या नोंदी ठेवते आणि वेगळे काही सांगितले नाही तर तपशीलवार नोंदी दहा दिवसांनी पुसते. त्या माझ्याच घरात होत्या हे खरे, पण आईला विचारून ठेवलेल्या नव्हत्या. मी त्याच दिवशी तो सेन्सर नोंदींतून वगळला. दिवा पूर्वीसारखाच लागतो. तो कधी लागला याची नोंद मात्र राहत नाही. जिथे नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर साठतात, तिथे आईच्या प्रश्नाला मी इतके सरळ उत्तर देऊ शकले असते का? कंपनीचे गोपनीयता धोरण तिला वाचून दाखवणे हे काही उत्तर नव्हे.

दारे-खिडक्यांचे सेन्सर आणि पाण्याची गळती ओळखणारे सेन्सर बॅटरीवर चालतात, आणि त्यांना वायफाय परवडत नाही. त्यांच्यासाठी मी झिग्बी ही कमी विजेवर चालणारी रेडिओ पद्धत वापरते. झिग्बीचे जाळे असे विणले जाते, की मुख्य विजेवर चालणारी उपकरणे एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात; बॅटरीवरची उपकरणे स्वतःची वीज वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेली असतात आणि हे काम करत नाहीत. म्हणून वाटेतल्या एखाद्या स्मार्ट बल्बची वीज कोणी भिंतीवरून बंद केली, तर त्याच्यामार्फत बोलणाऱ्या सेन्सरला दुसरी वाट शोधावी लागते. माझ्याकडे मात्र त्रास वेगळाच होता. दिवसातून दोन-तीन सेन्सर अकारण हरवत. बॅटऱ्या बदलल्या, सेन्सर बदलले, तरी फरक पडेना. कारण संगणकाशीच होते : झिग्बीचा रेडिओ मी यूएसबी ३ च्या खाचेत, एसएसडीला (माहिती साठवणाऱ्या डिस्कला) लागून बसवला होता. यूएसबी ३ च्या देवाणघेवाणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले आहे, आणि झिग्बी याच पट्ट्यात बोलते. मीटरभर लांबीची यूएसबी वायर लावून रेडिओ संगणकापासून दूर नेला आणि बहुतेक तक्रारी मिटल्या. उरलेल्या वायफायच्या गर्दीमुळे होत्या, कारण वायफायही तिथेच असते. झिग्बीला या पट्ट्यात ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत. त्यांपैकी २५ क्रमांकाचा चॅनेल वायफायच्या ११ क्रमांकाच्या चॅनेलच्या पलीकडे पडतो. मी झिग्बी तिथे नेली आणि राउटरला आपोआप चॅनेल बदलण्यास मनाई केली. त्यासाठी बरेच सेन्सर नव्याने जोडावे लागले, म्हणून हा निर्णय जाळे लहान असतानाच घ्यावा, असे मी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगेन.

आता विजेच्या कामाविषयी, आणि इथे मी आग्रहाने लिहिते. सेन्सर आणि चिप यांच्याशी कोणीही मोकळेपणाने प्रयोग करावेत. मुख्य विजेच्या तारांशी मात्र करू नयेत. स्विचबोर्डात बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट मॉड्यूलना न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी, तार लागते, आणि जुन्या स्विचबोर्डांमध्ये ती अनेकदा नसते. अशा वेळी अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तो प्राणघातक ठरू शकतो, आणि तसे कोणीही करू नये. माझ्या घरातले मुख्य विजेशी संबंधित प्रत्येक काम परवानाधारक वायरमनने केले आहे. रिलेवर छापलेला १० अँपिअरचा आकडाही समजून घ्यायला हवा. तो सहसा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. एलईडी दिव्यांमधले कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात आणि मोटारीचेही तसेच असते. माझ्या एका रिलेवर दहा-बारा एलईडी दिव्यांचा संच होता. काही महिन्यांत त्याचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटले आणि दिवे बंदच होईनात. दिवेच होते म्हणून निभावले. हीटर किंवा शेगडी माणूस समोर नसताना दुरून चालू होईल अशी व्यवस्था मी घरात केलेली नाही आणि करणारही नाही.

भिंतीवरचे बटण काढून टाकण्यासही माझा ठाम विरोध आहे. घरातल्या संगणकाचा वीजपुरवठा तोडला तरी प्रत्येक दिवा त्याच्या नेहमीच्या बटणाने लागला पाहिजे, हा नियम मी पहिल्या वर्षातच केला. मॉड्यूल बटणाच्या मागे बसते आणि बटण थेट त्याच्याशीच जोडलेले असते. मधला संगणक जिवंत आहे की नाही, याच्याशी बटणाचा संबंध नसतो. पाहुण्यांना ॲप लागत नाही, लहान मुलांना मोबाइल लागत नाही. संगणक खरोखरच बंद पडला तेव्हा या नियमाचे मोल कळले. त्यातले मेमरी कार्ड डेटाबेसच्या सततच्या लेखनाने झिजून गेले होते. नवा एसएसडी बसवून आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सर्व पूर्ववत करायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत घरातल्या कोणाचीही गैरसोय झाली नाही. त्यानंतर मी एक वहीही ठेवली आहे. कोणते मॉड्यूल कोणत्या बोर्डात आहे, कोणती तार कुठे जाते, बॅकअप कुठे असतो आणि सगळेच काढून टाकायचे ठरले तर घर साध्या बटणांवर कसे आणायचे, हे तिच्यात लिहिले आहे. मी घरी नसताना किंवा माझ्या पश्चात या यंत्रणेचे ओझे कोणावर पडू नये, एवढी काळजी घेणे माझे कर्तव्य आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा लेखात एका वाक्यात आटोपला होता, म्हणून त्याबद्दलही लिहिते. २०१६ मधल्या मिराई या घातक प्रोग्रामने साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना यातले काहीच माहीत नव्हते. घरी यंत्रणा बांधणारेही इथे चुकतात : बाहेरून घर पाहता यावे म्हणून राउटरवर सरळ एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून ठेवतात. मी उपकरणांसाठी वेगळे नेटवर्क ठेवले आहे, जिथून बाहेर जाण्याची त्यांना परवानगी नाही, आणि बाहेरून घरात यायचे असेल तर मी वायरगार्डच्या व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खासगी मार्गाने, येते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सहज ओळखता येणारे सामायिक पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी आहे, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा याच विषयावरचा व्यापक कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या सामायिक मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात, ही आशादायक गोष्ट आहे. पण खोक्यावर मॅटरचे चिन्ह असले म्हणजे उपकरणाची सर्व वैशिष्ट्ये कंपनीच्या ॲपशिवाय चालतील, असे नाही.

प्रत्येकाने सोल्डरिंग शिकावे किंवा सर्व्हर सांभाळावा, अशी माझी अपेक्षा नाही. घरातल्या माणसांना वेळ नसतो, आवड नसते, आणि ते योग्यच आहे. परंतु म्हणूनच उत्पादकांनी खोक्यावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी छापाव्यात : हे उपकरण इंटरनेटशिवाय काय काय करू शकते, आणि त्याला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील. सेवा बंद करायची वेळ आलीच, तर उपकरण घरातल्या घरात चालवता येईल असे शेवटचे फर्मवेअर देऊन मगच ती बंद करावी. विकत घेतलेल्या वस्तूबाबत ही अपेक्षा मोठी नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी पुरवणीत अशा उपकरणाचे परीक्षण येईल, तेव्हा लेखकाने ते जोडून झाल्यावर राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी आणि उपकरण एक दिवस तसेच वापरावे. बटण, ॲप, वेळापत्रक आणि सेन्सर यांपैकी काय चालू राहिले, काय थांबले आणि तार परत जोडल्यावर उपकरण आपोआप सावरले का, हे त्याने वाचकांना सांगावे. परीक्षणातल्या तारांकित गुणांच्या शेजारी या माहितीसाठी चार ओळींची जागा राखून ठेवावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक